आधी जवळचं तळं

पक्षीनिरीक्षण मंडळांचे वार्षिक कार्यक्रम वाचले की बहुतेकांची रचना सारखीच दिसते. हिवाळ्यात एखाद्या नामांकित पाणथळीची सहल, अभयारण्यात दोन रात्रींचा मुक्काम, शाळेत स्लाइड शो, छायाचित्रांचं प्रदर्शन, एखादं व्याख्यान, आणि कुठे दुर्मीळ पाहुणा उतरल्याची खबर आली की ऐन वेळी ठरलेली धावपळ. मंडळ ज्या वस्तीत आहे तिथलं तळं, ओढा, पडीक माळ किंवा जुनी बाग या यादीत क्वचितच सापडते. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "तिथे काय, नेहमीचेच पक्षी आहेत."

नेहमीचेच पक्षी आहेत म्हणूनच तिथे जायला हवं, आणि वर्षातून एकदा जाऊन भागणार नाही, असं मला वाटतं. प्रत्येक स्थानिक मंडळाने जवळची एक साधी जागा धरावी. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने तिथे फेरी करावी. दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजावा आणि ती नोंद कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी. मंडळाचं पहिलं काम हे. सहली, प्रदर्शनं, व्याख्यानं त्यानंतर. ज्या मंडळाकडे आपल्याच वस्तीतल्या पाण्याची दहा वर्षांची वही नाही, त्याने लांबलांबचे कितीही पक्षी पाहिले असले तरी त्याचं मुख्य काम राहून गेलेलं आहे.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचं कारण गिधाडांच्या बाबतीत जे घडलं त्यात आहे. १९८०च्या दशकात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं इतकी होती की ती मोजावीत असं फारसं कुणाच्या मनात येत नसे. मेलेल्या जनावरावर शेकड्यांनी उतरणारा पक्षी, त्याची कसली नोंद करायची? भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी त्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करताना गिधाडंही मोजली होती. १९९०च्या दशकात त्याच उद्यानात पुन्हा मोजणी केली तेव्हा घरटी ओस पडलेली, माना टाकून बसलेली गिधाडं आणि झाडांखाली मेलेले पक्षी असं चित्र त्यांच्यासमोर आलं. काहीतरी भयंकर चाललंय हे त्यांना खात्रीने सांगता आलं, कारण आधीचा आकडा हाताशी होता. त्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध गिधाडांचे मूत्रपिंड निकामी करतं हे २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली.

या सगळ्यात मला सगळ्यांत अस्वस्थ करते ती ही बाब, की इतका मोठा, इतका उघड्यावर राहणारा पक्षी संपत असताना देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांजवळ जुने आकडे जवळजवळ नव्हते. पाहणारे होते, मोजणारे नव्हते. तशी मोजणी आणखी दहावीस ठिकाणी झाली असती तर कारणाचा शोध किती आधी सुरू झाला असता, हा प्रश्न प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारावा असा आहे.

दुर्मीळ पक्ष्याची ओढ मला कळते. लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात, मिळाल्याचा आनंद खरा असतो, आणि पुष्कळ लोक या छंदाकडे तशा एखाद्या पक्ष्यामुळेच वळतात. पण वाट चुकून हजारो किलोमीटर भरकटलेला एकटा पक्षी त्याच्या जातीविषयी फारच थोडं सांगतो. त्याला पाहायला पन्नास जण जातात, पन्नास जण तोच फोटो काढतात, पन्नास नोंदी होतात, आणि या पन्नास नोंदींतून निघणारी माहिती एकाच ओळीची असते: तो इथे होता. त्याच सकाळी त्याच पन्नास जणांनी आपापल्या जवळच्या जागेवर तासभर मोजणी केली असती तर पन्नास जागांची खबर मिळाली असती.

साध्या पक्ष्यांची खबर ही आज किती गरजेची आहे हे २०१९ साली सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवून दिलं. १९७०पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २.९ अब्ज पक्षी कमी झाले, म्हणजे जवळपास २९ टक्के. यातली ९० टक्क्यांहून अधिक घट अवघ्या १२ कुळांतली, आणि ती कुळं चिमण्यांसारख्या, वटवट्यांसारख्या, रोज दिसणाऱ्या पक्ष्यांची. हे कळलं त्यामागे १९६६ साली सुरू झालेली एक अत्यंत साधी पद्धत आहे. सुमारे ३९ किलोमीटरचा रस्ता, त्यावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं उभं राहून दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी मोजायचे, पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा तेच थांबे. मोजणारे बहुतांश स्वयंसेवक. त्यांच्यातल्या कुणाला एखाद्या थांब्यावर काही थोर सापडलं असेल असं नाही. बहुतेक सकाळी तेच ते पक्षी लिहून ते घरी गेले असतील.

भारतापुरतं बोलायचं तर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३च्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला आणि त्यासाठी ३०,०००हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या. एवढ्या नोंदी असूनही दीर्घकालीन कल सांगता आला तो फक्त ३३८ जातींचा. त्यातल्या २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर आहेत, ३६ वाढल्या. उरलेल्या सहाशे जातींविषयी तितक्या खात्रीने बोलता येत नाही, कारण पुरेशा जुन्या नोंदी नाहीत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची सकाळ आज पैसे ओतून विकत घेता येत नाही. आजची सकाळ मात्र नोंदवता येते, आणि तीस वर्षांनी कुणालातरी तिची गरज पडणार आहे.

आता ही मोजणी म्हणजे काय, हे थोडं जवळून पाहू. "वहीत नावं लिहिणं" एवढाच तिचा अर्थ बहुतेकांच्या मनात असतो.

नोंदीत पहिल्यांदा लिहायची ती फेरीची माहिती: सुरुवातीची वेळ, किती वेळ चाललो, किती अंतर, किती जण होते. हे नसेल तर पुढचे आकडे निरुपयोगी. दोन तासांत दिसलेल्या वीस माळभिंगऱ्या आणि दहा मिनिटांत दिसलेल्या वीस माळभिंगऱ्या या दोन वेगळ्या बातम्या आहेत. दुसरी गोष्ट, यादी पूर्ण हवी. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी तिच्यात आला पाहिजे, कावळा आणि चिमणीसकट. यादी पूर्ण असेल तरच न दिसलेल्या पक्ष्याला अर्थ येतो. गेल्या पाच वर्षांच्या डिसेंबरात तुतवार होता आणि या डिसेंबरात नाही, हे ठामपणे म्हणायचं तर या डिसेंबरात आपण सगळे पक्षी लिहिले होते याची खात्री लागते. आवडेल तेवढं लिहिणाऱ्याच्या वहीत शून्य हा आकडा कधी येतच नाही, आणि जागेची प्रकृती कळायला तोच आकडा सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट थव्याची. पाण्यावर बदकांचा मोठा थवा बसला असेल तर नवखा माणूस "पुष्कळ" लिहितो, आणि अनुभवी माणूस कधीकधी "हजार" लिहून मोकळा होतो. दोन्ही वाईट. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवायचं, मग तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते पाहायचं. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं आणि नंतर आकडे जुळवायचे. पहिल्या काही वेळा एकाचे १४० आणि दुसऱ्याचे २३० निघतात. चारसहा महिन्यांत ते जवळ येऊ लागतात. अशा फेऱ्यांत बारा-तेरा वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तयार होतात असं मी पाहिलंय. त्यांना नाव सांगितलेलं आवडतं, त्यापेक्षा जबाबदारी दिलेली जास्त आवडते. "डाव्या काठावरच्या सगळ्या टिबुकल्या तुझ्याकडे" असं सांगितलेलं मूल तासभर काठावरची नजर हलवत नाही, आणि टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते म्हणून एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये यासाठी स्वतःची युक्तीही काढतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की लोक सुटीच्या सकाळी आनंदासाठी येतात. दर महिन्याला तेच तळं दाखवलं तर चौथ्या महिन्यात कुणी येणार नाही. आक्षेप खोटा नाही. नव्या जागेची ओढ माणसाला असतेच, आणि मोजणीच्या नावाखाली सगळ्यांना गप्प उभं करणारा नेता असेल तर लोक जाणारच. पण जागा तीच असली म्हणजे दृश्य तेच असतं, ही समजूत एकदाच जाणाऱ्याची आहे. एखाद्या तळ्यावरचे वारकरी पक्षी घ्या. काळा पक्षी, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा. ओळखायला पाच सेकंद, यादीत खूण, पुढे चला. ठरलेल्या फेरीत घाई नसते, म्हणून त्याच पक्ष्यावर दुर्बीण दहा मिनिटं ठेवता येते. मग दिसतं की दोन नर पाण्यावर मागे रेलून एकमेकांना पायांनी लाथा घालतायत, आणि ते पाय बदकासारखे जोडलेले नसून प्रत्येक बोटाला पानांसारख्या वेगळ्या पाळ्या आहेत. वर्षानुवर्षं यादीत वारकरी लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी त्याचे पाय कधी पाहिलेले नसतात. पुढच्या महिन्यात तीच जोडी पाणवनस्पती गोळा करत असते, त्यापुढच्या महिन्यात लाल-केशरी डोक्याची पिल्लं तिच्या मागे असतात, आणि त्यातली किती उरली हे पाहायला माणसं आपणहून येतात. ज्याने पिल्लं मोजली त्याला पुढच्या फेरीचं निमंत्रण द्यावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जरा नवा आहे. पक्ष्यांच्या नोंदी जमा करणारं ईबर्ड हे संकेतस्थळ २००२पासून आहे, कोट्यवधी नोंदी त्यात जातात, आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲप्स खिशात आहेत. मग मंडळाने वेगळं काय करायचं? ईबर्ड ही मोठी सोय आहे आणि मंडळाच्या नोंदी तिथेच गेल्या पाहिजेत असं माझं मत आहे. कपाटातली वही वाळवीला आणि हार्ड डिस्क विस्मृतीला बळी पडते. पण लोक जिथे जातात तिथूनच ॲपमध्ये नोंदी येतात. नामांकित पाणथळीवर एका सकाळी तीस याद्या होतात आणि तिच्यापासून दोन किलोमीटरवरच्या निनावी डबक्याची वर्षभरात एकही होत नाही. ही दरी बुजवणं एकट्यादुकट्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही. महिन्यामागून महिना, कंटाळा आला तरी, पाऊस असला तरी कुणीतरी जायचं तर त्यासाठी गट लागतो, पाळी लावावी लागते. आवाज ओळखणाऱ्या ॲपचं म्हणाल तर ते शिकायला उत्तम आहे, पण त्याने सुचवलेलं नाव म्हणजे नोंद नव्हे. शेजारी उभा असलेला जाणकार "थांब, तो दयाळ नक्कल करतोय, जरा पाहून घेऊ" असं म्हणतो, तेव्हा शिकणाऱ्याला शंका घेण्याची सवय लागते. ही सवय लावणं हे मंडळाचं काम आहे.

हौशी माणसांच्या नोंदींना शास्त्रात कोण विचारतो, असंही काही सभासदांना वाटतं. त्यांनी जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावच्या कीटकमंडळाची हकिकत जरूर समजून घ्यावी. १९०५ साली स्थापन झालेलं हे स्थानिक मंडळ, आणि सभासद प्रामुख्याने हौशी. १९८९पासून त्यांनी राखीव क्षेत्रांत तंबूसारखे सापळे एकाच पद्धतीने लावले, सापडलेले कीटक अल्कोहोलच्या बाटल्यांत भरले, वजन केलं, लिहून ठेवलं आणि बाटल्याही जपून ठेवल्या. २०१७ साली ६३ राखीव क्षेत्रांतल्या २७ वर्षांच्या या नोंदी शास्त्रज्ञांबरोबर प्रसिद्ध झाल्या. उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटलं होतं, आणि तेही संरक्षित जागांत. कीटकांच्या ऱ्हासावर जगभर चर्चा पेटली ती या निबंधाने. त्या सभासदांनी दरवर्षी नवी जागा, नवा सापळा, नवी गंमत शोधली असती तर एवढ्या वर्षांच्या श्रमातून काही निष्पन्न झालं नसतं. त्यांनी पद्धत बदलली नाही, हे त्यांचं खरं कर्तृत्व.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनचंही तसंच. त्या कड्यावरून स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांना बंदूकवाले गंमत म्हणून टिपत असत. १९३४ साली रोझली एज यांनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला, मॉरिस ब्रून यांना तिथे राखणदार नेमलं, आणि शिकार थांबवतानाच ब्रून यांनी दर शरद ऋतूत जाणारे पक्षी मोजायला सुरुवात केली. कशासाठी उपयोग होईल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. डीडीटी हे कीटकनाशक तेव्हा वापरात आलंही नव्हतं. पुढे अमेरिकी लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ साली कीटकनाशकांवर लिहिताना याच मोजणीचा आधार घेतला: टकल्या गरुडांत कोवळ्या पक्ष्यांचं प्रमाण १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ४० टक्के होतं, ते १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात २० टक्क्यांवर आलं होतं. मोठे गरुड दिसत होते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असतं. पिल्लं वाढत नाहीत हे वय लिहून ठेवणाऱ्यालाच कळलं.

जवळची जागा धरण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला पक्ष्यांइतकाच मोलाचा वाटतो. पहाटे चारला निघून दोनशे किलोमीटर जाणाऱ्या सहलीला कोण येऊ शकतं? ज्याच्याकडे वाहन आहे, सुटी आहे, गुडघे धड आहेत आणि घरी जबाबदारी नाही, तो. लहान मुलांची आई, सत्तरीतले आजोबा, व्हीलचेअरवरची मुलगी, अंधारात एकटीने निघायला घाबरणारी विद्यार्थिनी हे सगळे आपोआप गळतात, आणि मग मंडळात ठरावीक वयाचे ठरावीक पुरुषच का, असा प्रश्न वार्षिक सभेत विचारला जातो. अमेरिकेत स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या व्हर्जिनिया रोझ यांच्या पुढाकाराने 'बर्डेबिलिटी' ही संस्था उभी राहिली. कुठल्या वाटा चाकाच्या खुर्चीने जाता येतील अशा आहेत, कुठे बसायला बाक आहेत, कुठे स्वच्छतागृह आहे, याची माहिती ती गोळा करते. प्रत्येक मंडळाने आपल्या एका वाटेपुरती ही माहिती तरी लिहून काढावी. मंडळाच्या मालकीच्या चार दुर्बिणी असाव्यात आणि पहिल्यांदा येणाऱ्याच्या गळ्यात न मागता त्यातली एक पडावी. टेलिस्कोप असेल तर त्याची उंची आधी सगळ्यांत बुटक्या मुलासाठी लावावी. मोठ्यांना वाकता येतं.

नेत्याविषयीही थोडं बोलायला हवं. फेरीचा नेता म्हणजे पटापट नावं सांगणारा, हा समज फार खोल रुजलाय. "तो बघा, गेला. तिकडे दुसरा. नाही दिसला? असू दे, पुढे मिळेल." नवीन माणूस दोन तासांत चाळीस नावं ऐकतो आणि घरी जाताना त्यातली तीन त्याच्या लक्षात असतात. त्यापेक्षा एका फेरीत पाच पक्षी नीट दाखवणारा नेता मला जास्त मोठा वाटतो. एखादा पक्षी न ओळखता आल्यावर "हा कळला नाही, 'अनोळखी' असं लिहा" हे सगळ्यांसमोर म्हणणारा तर फारच.

घरट्यांजवळचे फोटो, आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला पुढे आणणं, घुबडाची बसायची जागा सगळ्यांना कळवणं, यांवर मंडळांत वाद होतात. खरं तर यात वादाला जागाच नाही; विणीच्या काळात हे तिन्ही बंद असले पाहिजेत. तरी नियमाचा फलक लावून हे थांबत नाही. वर्षातून एकदा कुठेतरी जाणारा गट मागे काय ठेवून आला हे त्याला कधी कळतच नाही. दर महिन्याला त्याच झाडाखालून जाणाऱ्याला सोडून दिलेलं घरटं पुढच्या महिन्यात दिसतं आणि ते कुणामुळे सुटलं हेही बहुधा ठाऊक असतं.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येतो. जवळच्या साध्या जागा कुणी दुष्टपणाने संपवत नाही. त्या सुधारणेच्या नावाने संपतात. तळ्याचं सुशोभीकरण निघतं. काठाचा चिखल आणि लव्हाळी 'घाण' म्हणून काढली जातात, उतरता काठ खोदून दगडी बांध घातला जातो, भोवती फरसबंदी, त्यावर रात्रभर जळणारे दिवे. पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतं, म्हणून सगळेच खूश असतात. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पाणथळीच्या पक्ष्यांना मात्र बोटभर खोल पाण्याचा तो उतरता काठच लागतो. सरळ उभ्या भिंतीलगत त्यांना उभं राहायलाही जागा नसते. लव्हाळी गेली की तिच्यात घरटं करणारे गेले. हे होण्याआधी कधीतरी, कुठल्यातरी टेबलावर एक अधिकारी विचारतो, "इथे आहेत तरी कोणते पक्षी?" त्या वेळी "आम्ही खूप पाहिलेत साहेब" हे उत्तर उपयोगाचं नसतं. आठ वर्षांच्या शंभराच्या आसपास फेऱ्या, प्रत्येक फेरीची तारीख, प्रत्येक जातीचा आकडा, त्यातले किती काठावरच्या चिखलातले आणि किती लव्हाळ्यातले, हे पुढे ठेवता आलं तर निदान चर्चा सुरू होते: दगडी बांध तीन बाजूंना घाला, पूर्वेचा काठ तसाच ठेवा, दिवे दहानंतर बंद करा, गाळ विणीनंतर काढा. अशी मागणी मान्य होण्याजोगी असते, कारण ती नेमकी असते.

इथे पुष्कळ मंडळं माघार घेतात. "आम्ही निसर्गप्रेमी, आम्हाला राजकारणात पडायचं नाही." ही भूमिका मला अजिबात पटत नाही, आणि पक्षीमंडळांच्या इतिहासाशीही ती जुळत नाही. ज्या संस्थांकडे आज आदराने पाहिलं जातं त्या सकाळच्या फेरीसाठी जन्मल्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची फॅशन होती. बगळ्यांना विणीच्या काळात येणाऱ्या नाजूक पिसांना सर्वाधिक मागणी, म्हणून शिकार नेमकी विणीच्या वसाहतींत होत असे; आईबाप मारले जात आणि पिल्लं घरट्यात उपाशी मरत. इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसन यांनी १८८९ साली याविरुद्ध जी संघटना सुरू केली तीच पुढे आरएसपीबी ही ब्रिटनमधली पक्षीसंरक्षण संस्था झाली. बोस्टनमध्ये हॅरिएट हेमनवे आणि मिना हॉल यांनी १८९६ साली ओळखीच्या बायकांना घरी चहाला बोलावून पिसं न वापरण्याची शपथ घ्यायला लावली आणि त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. अमेरिकेत १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, ब्रिटनमध्ये १९२१ साली पिसांच्या आयातीवर बंदी आली. मोठा व्यापार, मोठे व्यापारी समोर असताना या बायका शांत बसल्या नाहीत.

त्याच लढ्यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. १८८६ साली फ्रँक चॅपमन हा तरुण न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतल्या रस्त्यांवर दोन दुपारी हिंडला आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या टोप्यांवरचे पक्षी त्याने मोजले. ७०० टोप्या, त्यातल्या ५४२ टोप्यांवर पिसं, आणि ओळखू आलेल्या जाती ४०. हे आकडे त्याने छापून आणले. हाच चॅपमन पुढे १९०० साली नाताळच्या दिवशी सामूहिक शिकारीऐवजी सामूहिक मोजणी करा म्हणून पुढे आला. त्या दिवशी २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले आणि ती गणना आजही दरवर्षी होते. मोजणी ही वादापासून दूर राहण्याची पळवाट आहे असं त्याला कधी वाटलं नाही. रस्त्यावरच्या टोप्या मोजणं आणि शेतातले पक्षी मोजणं त्याच्या लेखी एकाच कामाचा भाग होतं.

म्हणून तळ्याच्या आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा मंडळाने आपली वही घेऊन तिथे हजर असलं पाहिजे. घोषणा देण्याची गरज नाही, कुणाशी वैर धरण्याचीही नाही. आकडे वाचून दाखवायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि मागणी मान्य झाली नाही तरी पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच काठावर जाऊन मोजायचं. बांध घातल्यानंतर काय उरलं याची नोंद पुढच्या तळ्याच्या वेळी लागणार असते.

हे सुरू करायला फार काही लागत नाही. जागा निवडताना पायी किंवा सार्वजनिक वाहनाने पोहोचता येईल एवढंच पाहावं, पक्षी किती 'चांगले' आहेत हे पाहू नये. वाट दीड-दोन किलोमीटरच्या पुढे नको, नाहीतर वर्षभरात दम सुटतो. महिन्याचा एक ठरलेला दिवस. त्या दिवशी तीनच जण आले तरी फेरी होतेच. नेता आजारी असेल तर दुसरा नेतो, आणि तो दुसरा कोण हे आधीच ठरलेलं असतं. नोंद त्याच दिवशी ईबर्डवर जाते आणि एक प्रत मंडळाच्या वहीत राहते. वहीची जबाबदारी दर दोन वर्षांनी नव्या, शक्यतो तिशीच्या आतल्या सभासदाकडे द्यावी. एकाच माणसाच्या उत्साहावर चाललेली अशी कामं तो माणूस गाव सोडून गेला की थांबतात, आणि मग त्याच्या घरच्यांना त्या वह्यांचं काय करायचं हे माहीत नसतं. शाळेसाठी वेगळा कार्यक्रम आखण्यापेक्षा एका वर्गाला वर्षातल्या चार फेऱ्या नेमून द्याव्यात आणि त्या फेऱ्यांचे आकडे मुलांच्या नावानिशी वहीत जावेत. पतंगांसारखे निशाचर कीटक पाहण्यासाठी रात्री पांढरी चादर आणि दिवा लावायचा असेल, चतुर मोजायचे असतील, झाडांचा बहर लिहायचा असेल, तर तेही याच जागेवर. एका जागेविषयी अनेक बाजूंनी माहिती जमत गेली की माळभिंगऱ्या कमी झाल्या त्याच वर्षी चतुरही कमी झाले होते का, हे तपासता येतं.

पुढच्या वार्षिक सभेत नव्या वर्षाचं वेळापत्रक मंजुरीला येईल तेव्हा सभासदांनी एवढं करून पाहावं: जवळच्या जागेच्या बारा फेऱ्यांच्या तारखा आधी लिहायला लावाव्यात, प्रत्येकीपुढे दोन नावं घालावीत, आणि मग उरलेल्या रविवारांत सहली बसवाव्यात.